कर्बोदकांची रोजकीर्द

शाळेत आम्हांला आहाराचे घटक शिकवले ते असे : पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार आणि पाणी. पैकी पिष्टमय पदार्थ आम्हांला घरचे वाटत, कारण त्यांच्या नावातच पीठ होतं. पुढे कुणा विद्वानांनी त्यांचं पुन्हा बारसं केलं आणि 'कर्बोदकं' हे नाव ठेवलं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मला गंगोदकाच्या भाऊबंदांपैकी वाटला. काशीहून तांब्याच्या गडूत झाळून आणलेलं कर्बोदक! आणि आपल्याकडे या उदकाचं माहात्म्य गंगोदकापेक्षा कणभरही कमी नाही. गंगोदक शेवटच्या घटकेला तोंडात घालतात. हे पहिल्या घटकेपासून घालतात. जन्मल्याबरोबर जिभेवर बोटभर मध, सहाव्या महिन्यात उष्टावणाची खीर, लग्नात डोक्यावर तांदूळ, आणि सगळं आटोपल्यावर दहाव्याला पिंड, तोही भाताचाच. पनीरचा पिंड ठेवला तर कावळा शिवेल की नाही, याचा खुलासा निदान मला तरी कुठे सापडलेला नाही.

अशा या पुण्यवान पदार्थाशी माझं वैर मुळीच नव्हतं. ते एका कागदाने लावून दिलं. कागद रक्ततपासणीचा होता आणि त्यावर 'एचबीए१सी' या मंत्राक्षरांपुढे ६.३ हा आकडा होता. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातल्या साखरेची सरासरी काय होती, हे ही तपासणी सांगते. म्हणजे आदल्या रात्री उपाशी राहून तिला फसवता येत नाही. अचानक येणाऱ्या इन्स्पेक्टरसारखी ती जुने कागद काढून बसते. ५.७ च्या खाली असलात तर तुम्ही सज्जन. ६.५ किंवा वर असलात तर मधुमेही. मधल्या पट्ट्यात असलात तर तुमच्या अवस्थेला पूर्वमधुमेह म्हणतात. मला कीर्तनातला पूर्वरंग आठवला. एकदा उत्तररंग लागला की बुवा सोडत नाहीत. उठून जायचं तर आत्ताच.

या पट्ट्यात मी एकटा नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या मोठ्या पाहणीचा अंदाज असा, की भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख पूर्वमधुमेही आहेत. एवढी मोठी मंडळी एकत्र असून त्यांचा एक मोर्चा नाही, एक वार्षिक स्नेहसंमेलन नाही! झालं तरी जेवणाचं कंत्राट कुणाला द्यायचं, हा प्रश्नच आहे.

डॉक्टरांनी मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का?" मी म्हटलं, नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. उठता उठता तिसऱ्यांदा. मला वाटलं, बाई विसराळू आहेत. पण त्यांनी समजावून सांगितलं, की गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना माणूस परस्पर भात-पोळी तोडतो, तेव्हा साखर एकदम खाली जाऊन तो जमिनीवर पडतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटातलं शीतही हलवू नये. मला बाईंबद्दल आदर वाटला. जिथे पैसे मोजले जातात तिथे तीनदा मोजणारा माणूस मला नेहमीच आवडत आला आहे. मी बँकेत ३६ वर्षं रोखपाल होतो.

बाई म्हणाल्या, दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कर्बोदकं ठेवली, की तो 'कमी कर्बोदकांचा आहार'. ५० च्या खाली गेलं की त्याला केटो म्हणतात, तिकडे आपल्याला जायचं नाही. "तुम्हांला मी १०० देते." त्या अशा सुरात म्हणाल्या, की मी जवळजवळ पावती मागणार होतो. "पण आधी तीन दिवस नेहमीसारखं खा आणि नुसतं लिहा."

घरी येऊन मी लाल कापडी बांधणीची वही काढली आणि वर 'रोजकीर्द' असं लिहिलं. बेंगळुरूच्या मुलीने तातडीने एक विजेचा वजनकाटा पाठवला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांची कोष्टकं छापली आहेत, तीही मिळवली. त्यात सगळा कच्चा माल आहे. पुरणपोळी, थालीपीठ वगैरे पक्का माल आपला आपण जुळवायचा. आमची ही ४० वर्षं अंदाजपंचे स्वयंपाक करत आली आहे. तिचं मोठ्यात मोठं माप म्हणजे मूठ आणि लहानात लहान म्हणजे चिमूट. तिच्या हातातून कणकेचा गोळा घेऊन मी काट्यावर ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, ३६ वर्षं नोटा मोजल्यात ना? निदान मला तरी मोजू नका."

पहिल्या दिवशीच्या नोंदी अजून वहीत आहेत. चहा दोन चमचे साखरेचा, दुधासकट कपाला १३ ग्रॅम. असे चार, म्हणजे ५२. बशीभर पोहे ४२. दुपारी तीन पोळ्या ६०, वाटीभर भात ३०, आमटी १०, बटाट्याची भाजी २०. केळं २५. चार मारी बिस्किटं (ही तर मी पथ्य म्हणून खात होतो) १८. रात्री दोन पोळ्या ४०, पुन्हा भात ३०, पुन्हा आमटी १०. रात्री झाकपाक झाल्यावर बेरीज केली : ३३७. पुन्हा केली. ३३७. यात गोडधोड काही नाही, हॉटेल नाही, सणवार नाही. एका साध्या मंगळवारचा हा जमाखर्च! आणि मी काही जगावेगळा नाही. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असं २०२५ मध्ये त्याच पाहणीवाल्यांनी दाखवलं. न येऊन करतील काय? रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळतं. बदाम कुणी फुकट वाटलेले माझ्या ऐकिवात नाहीत. स्वस्तात पोट भरायचं ते याच उदकाने.

शंभराचा हिशेब सुरू झाला तसे एकेका थोर पदार्थाचे पडदे दूर होऊ लागले. 'साखरवाल्यांनी भाकरी खावी' हे वचन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या पोळीला कणीक लागते ३० ग्रॅम. भाकरीला ज्वारीचं पीठ ६०. दोन्हींत दोन-तृतीयांश वजन कर्बोदकांचंच. म्हणजे पोळीचे २० आणि भाकरीचे ४०! भाकरीत चोथा जास्त, ती सावकाश पचते, हे सगळं खरं. पण पोळीच्या जागी भाकरी म्हणजे बचत, असं समजून दोन भाकऱ्या चोपणाऱ्या माणसाचं खातं ८० ला पोचलेलं असतं आणि चेहऱ्यावर मात्र एकादशी असते.

एकादशीवरून आठवलं. साबुदाणा शंभर ग्रॅम घेतला तर त्यात ८५ हून अधिक ग्रॅम कर्बोदकं. बाकी थोडं पाणी आणि उरलेली श्रद्धा. खिचडीच्या बशीत साठेक ग्रॅम सहज जातात, वर बटाटा वेगळा. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. उपासाच्या ताटात आपली म्हणावी अशी फक्त भूक, तीही ही बशी राहू देत नाही.

आता उजवी बाजूही सांगितली पाहिजे. अंड्यात नावालाच. बांगड्यात शून्य. मेथी, पालक, भेंडी, दुधी, वांगी ही सगळी गरीब खातेदार मंडळी, दोन-चार ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. ताक, मूठभर दाणे, ओलं खोबरं हेही परवडतं. आणि साजूक तूप : शून्य! ही बातमी मी उत्साहाने सगळ्या घराला मोठ्याने वाचून दाखवली होती.

पहिल्या आठवड्यात वजन दोन किलोनी उतरलं. सोसायटीत मी छाती काढून फिरू लागलो. बाईंनी फोनवर सांगितलं, "काका, ते पाणी आहे." शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा उपसला, की पाणीही निघून जातं. तरीच तिसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं आणि जिना चढताना पाय माझे नव्हते. बाईंनी लिंबू-मीठ-पाणी सांगितलं. दोन दिवसांत उतार पडला. त्यापुढे वजन महिन्याला दोन किलोच्या बेताने, सरकारी फायलीच्या गतीने सरकू लागलं.

हा सगळा प्रकार आत्ताचं फॅड आहे, असं शेजारचे नाना म्हणतात. त्यांना मी विल्यम बँटिंगची गोष्ट सांगितली. हा लंडनचा गृहस्थ. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. वजन २०२ पौंड, म्हणजे ९२ किलो. उंची साडेपाच फुटांच्या आत. बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलटा उतरावा लागे. ऐकू कमी येतं म्हणून हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला, तर त्याने कानाऐवजी तोंडाला औषध दिलं : पाव, साखर, बिअर, बटाटे बंद. वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ साली बँटिंगने स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापून ही हकीकत जगाला सांगितली आणि ती इतकी गाजली, की त्याच्या नावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. पुढे तो ८१ वर्षं जगला. नाना सगळं ऐकून म्हणाले, "धंदाच तसला. गिऱ्हाइकं बघून शहाणा झाला असेल."

सकाळी टेकडीवर तर या विषयात संप्रदाय आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा : दिवसातून दोनदाच जेवायचं आणि ५५ मिनिटांत आटपायचं. दुसरा ऋजुता दिवेकरांचा : आपल्या मातीतलं, आजीच्या हातचं, थोडं थोडं आणि वेळेवर खा, भातावर तूप घ्या आणि घाबरू नका. हे दोन संप्रदाय एकाच बाकावर बसतात, पण एकमेकांचं तीर्थ घेत नाहीत. पहिल्यातले एक गृहस्थ चोपन्नाव्या मिनिटाला लाडू उचलतात, असं दुसऱ्यातले सांगतात. मी शंभर ग्रॅमवाला म्हटल्यावर दोघांनीही मला आपल्यात घेण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. मी वही दाखवली. वही पाहिली की कुणीही जरा लांब सरकून बसतं.

आकडे सांभाळणं अवघड नाही. छत्तीस वर्षं तेच केलं. अवघड आहेत ती माणसं. आपल्याकडे एखाद्याने पदार्थ नको म्हटला तर तो पदार्थाला नको म्हणत नाही, वाढणाऱ्याला म्हणतो, असा कायदा आहे. संक्रांतीला तिळगुळाच्या लाडवाला आठ-दहा ग्रॅम पडतात. तो नाकारला तर गोड बोलणंही नाकारल्यासारखं होतं. मी त्या दिवशी कागदाची पुडी घेऊन हिंडलो आणि दहा घरचे लाडू जमवून सोसायटीच्या वॉचमनच्या मुलांशी गोड बोललो. सत्यनारायणाच्या शिऱ्याची गोष्ट वेगळी. "प्रसादाची साखर लागत नाही हो," असं वरच्या मजल्यावरच्या काकूंनी छातीवर हात ठेवून सांगितलं. त्यांच्या श्रद्धेला मान देऊन मी लिमलेटच्या गोळीएवढा शिरा घेतला आणि घरी येऊन पाच ग्रॅम लिहिले. एका बारशात यजमानांनी तर जिलबी हातात धरून विचारलं, "एका जिलबीने काय होतं?" मला उत्तर ग्रॅममध्ये येत होतं. दिलं नाही.

पण हे झाले बाहेरचे. खरी गाठ घरात होती. आईला आता ८६ वं चालू आहे. दिसतं कमी, ऐकू येतं सोयीनुसार. पहिल्या दिवशी मी पानावर "भात नको" म्हटलं, ते मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं. ती जेवायची थांबली आणि म्हणाली, "का रे? कुणी काही बोललं का तुला?"

मी म्हटलं, "नाही गं. रक्तात साखर निघालीय."

"साखर निघाली तर साखर सोड. भाताने काय केलंय?"

भात म्हणजे पोटात गेल्यावर साखरच, हे मी तिला यकृतापासून समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "अगं, तुमचं काही भांडणबिंडण झालंय का?"

तिचंही बरोबर होतं. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. तिथे भात रोजचा नव्हता. भात म्हणजे सण, नाहीतर पाहुणा. आणि पाहुणा असला तर आधी त्याला. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेहून आलेला मिलो मिळायचा, लाल रंगाची ज्वारी. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. शेजारचे लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि सुकडी घेऊन येत. त्या दिवसांत मी एकदा भातासाठी हटून बसलो होतो, असं आई सांगते. मला आठवत नाही. तिला तारीख सोडून सगळं आठवतं. पुढे वडलांची मास्तरकी पुण्याला आली, तेव्हा पहिल्या पगारात तिने आंबेमोहोर आणला होता. अशा बाईसमोर बसून तिचा मुलगा आपखुशीने भात नको म्हणतो. तिला हे भांडणाशिवाय दुसरं काय वाटणार?

आठवडाभर ती रोज विचारत राहिली आणि मी रोज नाही म्हणत राहिलो. एका दुपारी मी वही लिहीत बसलो असताना ती भिंत धरत आली आणि समोर एक वाटी ठेवली. स्टीलची, लहानशी, बुडाशी 'सप्रेम भेट १९७८' असं कोरलेली. वडलांची. त्यांना १९८० मध्ये मधुमेह निघाला. पुढे पायाचा अंगठा काढावा लागला, मग पाऊल. १९९१ मध्ये ते गेले.

"तुझ्या वडलांना डॉक्टरांनी एकच वाटी भात सांगितला होता," आई म्हणाली. "याच वाटीने द्यायचे मी."

मी म्हटलं, "ठाऊक आहे. तू कधी दुसरी वाढली नाहीस."

"नाही वाढली. पण दाबून भरायचे."

मला काय बोलावं कळेना. ती म्हणाली, "तेही काही बोलायचे नाहीत. जेवायचे मुकाट्याने. मला वाटायचं, माझं आपलं कुणाच्या लक्षात येत नाही."

संध्याकाळी घरात कुणी नसताना मी ती वाटी काट्यावर ठेवली. मोकळा भात ९० ग्रॅम बसला. मग चमच्याने दाबून भरला. १५० बसला. आकडा वहीत लिहिला नाही.

एवढं खरं, की भाताने त्यांचं पाऊल नेलं असा हिशेब कुणीच मांडू शकणार नाही. त्या काळी घरी साखर मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठलं! महिन्यातून एकदा दवाखान्यात जायचे, आणि बिडी काही त्यांनी सोडली नव्हती. आईला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही; सोयीचा प्रश्न होता. पण दुसऱ्या दिवसापासून तिने मला भाताचा आग्रह करणं बंद केलं. मीच बाईंना विचारून शंभरात भाताला थोडी जागा केली. रात्रीची पोळी काढून टाकली आणि त्या वाटीने अर्धी वाटी भात बसवला.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. वजन सहा किलोनी उतरलं होतं. कागद घेऊन घरी आलो तर आई दारातच बसलेली.

"किती पडले?"

"५.८."

"कितीपैकी?"

"आई, यात जितके कमी पडतील तितकं चांगलं असतं."

"अगंबाई! शाळेत असं असतं तर तुझे वडील केवढे खूश झाले असते!"

डॉक्टरांच्या मते मी अजून काठावर आहे. चालू ठेवा म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. हे अजून किती दिवस चालणार, असं आईने विचारलं. मी सांगितलं, चालेल तितके दिवस. ती काही बोलली नाही. रात्री पानं घेतली तेव्हा तिने ती वाटी मागून घेतली, चाचपत अर्धी भरली, बोटांनी शितं मोकळी केली आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"मोजून घे बाबा. माझ्या हाताचा काही भरवसा नाही."

काट्यावर ४६ ग्रॅम भरले. कर्बोदकं १३. मी वहीत लिहीत होतो तेवढ्यात तिने भातावर तूप वाढलं. एक पळी, आणि मी मान वर करायच्या आत दुसरी. तुपात कर्बोदकं नसतात, हे तिला मीच सांगितलं होतं.